कमळाला मानवेल अशी हवा

२४ मार्च

खिडकीतलं कमळ फेकून द्यायला उचललं. खालची पानं सुकून कागदासारखी झाली होती, पण मधला गाभा हिरवा निघाला. कुंडी हातात घेऊन थोडा वेळ मोरीपाशी उभा राहिलो आणि परत खिडकीत ठेवली.

हे खरं कमळ नव्हे. जाड, गुबगुबीत पानं, त्यांच्यावर पिठासारखी पांढरी साय, आणि सगळी एकात एक बसलेली. म्हणून आमच्या घरात त्याला कमळ म्हणतात. आमच्या लेकीने, सोनीने मागच्या पावसाळ्यात नरोलीच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून आणलं होतं. माघात ती गेली तेव्हा कपडे नेले, शाळेचे दाखले नेले. कमळ आणि कूलर राहिला. कूलर तिने पहिल्या पगारातून घेतलेला. मी त्याच दिवशी त्याच्यावर प्लास्टिक घालून दोरी आवळली.

ती रांध्याला आहे, सायकलने जाण्याइतकं जवळ. संजू नावाचा वारली मुलगा, पुठ्ठ्याच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. दोघांनी कोर्टात लग्न केलं. मुलगा कसा आहे याची मी चौकशी केली नाही. गावी, साक्रीकडे, भाऊबंदांना काय सांगायचं एवढंच मनात येत राहिलं.

गावच्या शाळेत गुरुजींनी रोज चार ओळी लिहायची सवय लावली होती. हल्ली त्या ओळींत सोनीचं नाव येऊ देत नव्हतो. आज आलं.

२८ मार्च

पाळी सुटल्यावर नर्सरीत गेलो. तिथला माणूस गुजराती. कमळाचं वर्णन केल्याबरोबर म्हणाला, "काका, आ तो थंडी हवानो प्लांट छे. तीस डिग्रीच्या वर गेला का बसतो. अने भेजवाली, ओली हवा बिलकुल नको. सडी जाय."

मला बरं वाटलं. हे तर माझंच काम. खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात मी हवेच्या प्लँटवर आहे. धाग्याच्या खात्यात हवा किती गरम, किती ओली ठेवायची ते सांभाळायचं. धाग्याचे लाड फार. हवा जरा कोरडी झाली की तुटतो, जरा ओली झाली की चिकटतो. इतकी वर्षं ज्याने धागा सांभाळला त्याला एक झाड जड नाही.

३१ मार्च

स्टोअरमधून एक जुना थर्मामीटर मागून आणला. त्याला दोन नळ्या असतात. सुकी नळी हवेची गरमी सांगते. ओल्या नळीला भिजलेली वात असते, तिच्यावरून हवेतली ओल कळते. वात कुजली होती, ती बदलली. खिडकीशेजारी खिळा ठोकून अडकवला.

संध्याकाळीसुद्धा सुकी नळी अडतीस. पत्र्याची खोली तापते हे माहीत होतं, पण आकडा पहिल्यांदा पाहिला. लिहून ठेवला.

बायको, मंजुळा, भाकरी टाकत होती. आम्ही घरात अहिराणीच बोलतो, लिहायला मात्र शाळेतली भाषा येते. ती म्हणाली, "आकडा लिखा म्हंजे खोली थंडी हुई का?"

४ एप्रिल

कामावरून आलो तर कूलरवरचं प्लास्टिक काढून घडी करून ठेवलेलं. मंजुळा बादलीने पाणी ओतत होती.

मी तिला समजावलं. कूलर म्हणजे ओली हवा. ओल्या हवेत कमळ सडेल. तिने बादली खाली ठेवली आणि थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चाळीतली रजनी दारात उभी होती. ती वापीकडची, तोंडाने फटकळ. म्हणाली, "रघुनाथभाई, झाडला हवा नको ते समजलं. माणसला जोईए के नी?" मी म्हणालो, पाऊस येईपर्यंतचा प्रश्न आहे. प्लास्टिक परत चढवून दोरी आवळली.

मी चपला घालत होतो तेव्हा मंजुळा मागून म्हणाली, "आखाजी जवळ उनी. आखाजीले आंडेर घर येस. पोरले बलावा ना."

अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात. सासरी गेलेली लेक त्या दिवशी माहेरी येते. न बोलावलेल्या लेकीच्या आईला दिवसभर आयाबाया विचारतात. मला त्यावर बोलायचं नव्हतं. म्हणालो, "हे कमळ आखाजीपर्यंत जगलं तर पाहू."

ती म्हणाली, "खरं ना?"

तोवर मी सायकलवर बसलो होतो.

११ एप्रिल

मंजुळाला आता कमळाचं चांगलंच वेड लागलंय. माझ्या आधी तीच पान पान पाहते. ऊन सरकलं की कुंडी सरकवते.

खोली गार करायची पण आतली हवा ओली होऊ द्यायची नाही, यावर मी उपाय काढला. कमळाच्या कोपऱ्यावरच्या पत्र्यावर बाहेरून ओलं पोतं घालायचं. ओल बाहेर राहते आणि पत्रा निवतो. आज सुट्टी होती, करून पाहिलं. त्या कोपऱ्यात सुकी नळी तीन डिग्री उतरली. मनाला समाधान झालं. मात्र पोतं ऊन डोक्यावर असतानाच घालायला हवं, सकाळी घातलेलं दहापर्यंत वाळतं. मंजुळाला शिडी कशी लावायची ते दाखवलं. तिने पदर खोचला आणि चढूनही दाखवलं.

एकवीरेच्या तसबिरीपुढे दिवा लावताना कमळाची कुंडीही समोर ठेवली. झाडापुढे हात जोडले असं नव्हे. पण जे जपायला दिलंय ते तिच्यासमोर असावं असं वाटलं.

१६ एप्रिल

भिका आला होता. आमच्या शेजारच्या गावचा, कारखान्यात माल चढवतो. थर्मामीटर, पोतं, शिडी सगळं पाहून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय थाट आहे रघूभाऊ! आमच्या म्हातारीले पंखा नाही, इथं झाडाला साहेबाची केबिन." मग मंजुळाला म्हणाला, "वहिनी, तुम्ही पण एखाद्या कुंडीत बसा. म्हंजे हा भाऊ तुम्हालाही तपासत राहील."

मंजुळा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. हसता हसता खोकला आला आणि भिंतीला धरून खाली बसली. जाताना भिका मला म्हणाला, वहिनी उतरल्या. मी म्हणालो, चैत्राचे उपास असतील. दुपारी ती जेवत नाही हे मी पाहिलंय, पण बायकांच्या उपासातापासाचं मी विचारत नाही.

२२ एप्रिल

कमळाची खालची दोन पानं गळली. मंजुळाने ती उचलून पदराच्या गाठीत बांधली. मी म्हणालो, टाकून दे. ती हो म्हणाली आणि रजनीकडे गेली.

रजनीची खोली चाळीच्या टोकाला, वर जांभळाचं झाड. तिथं बरीच सावली असते. रजनी मंजुळाला रोज दुपारी बसायला बोलावते, पण ही जात नाही. पोतं कोण भिजवणार, म्हणते. कामाची जाण असलेली बाई आहे. मी इतक्या वर्षांत तिला हे कधी सांगितलेलं नाही.

पाय सुजलेत म्हणाली. रक्तदाबाची गोळी वेळेवर घे म्हणून सांगितलं.

एक गोष्ट इथं लिहितो. सोनी जन्मल्यापासून मी मंजुळाला 'सोनीची माय' म्हणूनच हाक मारायचो. आमच्याकडे तशीच रीत. माघापासून ती हाक तोंडातून निघत नाही. नावानेही हाक मारता येत नाही, सवय नाही. 'ऐक' म्हणतो. काही वेळा नुसतं खाकरतो.

२९ एप्रिल

आज खात्यात गोंधळ झाला. पाण्याचा पंप बसला आणि हवा एकतीसपर्यंत चढली. एकामागून एक मशीनवर धागा तुटायला लागला. वरुणसाहेब पुण्याचे, एरवी आवाज चढवत नाहीत. आज जिना धावत उतरले. "रघुनाथ, तीन डिग्री! तीन डिग्री म्हणजे काय माहितीय का?" मला माहीत होतं. आम्ही चौघांनी जेवण सोडून पंप खोलला. हवा उतरेपर्यंत कोणी बसलं नाही.

घरी आलो. मंजुळा फरशीवर पडून होती, पोटावर ओला टॉवेल. पंखा फिरत होता पण हवा चुलीपुढची. सुकी नळी बेचाळीस. कमळाच्या कोपऱ्यात अडतीसच्या आसपास. पोतं अजून ओलं होतं, म्हणजे तिने नुकतंच भिजवलं असणार.

कमळाने मधे एक नवं पान काढलंय, करंगळीच्या नखाएवढं. देवीची कृपा.

४ मे

दुपारची पाळी रद्द झाली म्हणून लवकर आलो. मंजुळा दाराला टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली, "सोनी, पानी दे माय."

झोपेत असेल असं वाटलं. पाणी दिलं. हात लागला तर अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही. रजनी येऊन तिला आपल्याकडे घेऊन गेली, डोक्यावर पाणी ओतलं. दिवे लागेपर्यंत ती सावरली, ताक प्याली, माझी ओळख पटली.

रजनी मला म्हणाली, "भाई, कूलरची दोरी सोडो. हाथ जोडते." एक दिवसासाठी सोडायला हरकत नव्हती. पण नवं पान आत्ताच फुटलंय, या दिवसांत एक दिवसही ओल लागली तर गाभा सडतो. मंजुळाला म्हणालो, उद्यापासून राहू दे पोतं.

ती म्हणाली, "पाच दिन राहिनात आते. तवलोंग मी करस."

आखाजी होईतोवर तीच करणार म्हणे. सणाची तयारी तिच्या डोक्यात असणार.

८ मे

घरात तुपाचा वास. मंजुळाने सांजोऱ्या केल्यात, डबाभर. पितरांसाठी मातीची घागर आणून ठेवलीय, वर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, आणलंय. मी म्हणालो, दोघांना एवढ्या सांजोऱ्या कशाला? तिने डब्याचं झाकण लावलं. चेहरा लाल होता, पण डोळ्यांत तेज होतं. कुंडी पदराने पुसून तसबिरीपुढे ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी काहीतरी बोलावं अशी तिची अपेक्षा होती. काय ते मला कळलं नाही. कमळ चांगलं सांभाळलंस, म्हणालो.

९ मे

मंजुळा सरकारी दवाखान्यात आहे. शिडीच्या पायथ्याशी सापडली. शुद्ध नाही.

१० मे, आखाजी

दवाखान्याच्या बाकावर लिहितो आहे.

काल दुपारी शिडी पडल्याचा आवाज ऐकून रजनी धावली. मंजुळाच्या हातात ओलं पोतं होतं, बोटं सोडवावी लागली म्हणते. रिक्षात घालून रजनीनेच आणलं. मी पोचलो तोवर तिच्या काखेत, मानेखाली बर्फाच्या पिशव्या लावल्या होत्या. नर्स म्हणाली, ताप एकशे सहा होता. मी सवयीने मनात डिग्रीचा हिशेब केला. एक्केचाळीस. खोलीची सुकी नळी आणि ती जवळजवळ एकाच आकड्यावर आल्या होत्या.

डॉक्टर तरुण आहेत. उष्माघात, मूत्रपिंडावर आणि मेंदूवर गेलाय, म्हणाले. मग विचारलं, "घर खूप तापतं का?"

मी म्हणालो, "दुपारी बेचाळीस. परवा त्रेचाळीस होतं. कोपऱ्यात तीन-चार डिग्री कमी."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत?"

थर्मामीटर लावलाय, म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले. मग परत लिहायला लागले.

रजनी बाकावर माझ्यापासून लांब बसली होती. बराच वेळ रडत होती, मग एकदम बोलली. "कूलर चालू कर, भाई येण्याआधी बंद करी देजे, असं मी किती वेळा सांगितलं. भाभी बोलायची, नको. झाड सडी जाय. आखाजीपर्यंत जगवीश. यांनी वचन दीधुं छे. झाड जगलं तर छोकरी घरे आवशे."

मी म्हणालो, मी कुठं वचन दिलं?

आणि म्हणता म्हणता आठवलं. चपला घालत होतो. टाळायला म्हणून बोललो होतो.

परवा कुंडी पुसून ती माझ्याकडे का पाहत होती ते आता कळलं.

सकाळी सोनी आली. रजनीनेच कळवलं. तिच्यामागे दाराशी संजू उभा होता, हातात पाण्याचा जार आणि चादर. मला पाहून त्याने जार खाली ठेवला आणि वाकून पायाला हात लावला. मी पाय मागे घेतला नाही. सोनी माझ्याशी बोलली नाही. आत जाऊन आईचा हात धरून बसली. "माय, मी आली. आखाजीले आली ना मी. डोळे उघड." कितीतरी वेळ तेच म्हणत होती.

आत एकालाच सोडतात. ती बाहेर आल्यावर मी गेलो. नाका-तोंडात नळ्या. चेहरा सुजून दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. मी खाकरलो. मग वाकून म्हणालो, "सोनीची माय."

पापण्या हलल्या असं मला वाटलं. नर्स म्हणाली, तसं होतं काका, त्याचा अर्थ नसतो.

१२ मे

सोनीची माय काल संध्याकाळी गेली.

२३ मे

तेरावं झालं. गावाहून भाऊ आले होते. संजू लाकडं, मंडप, पाणी सगळ्याला पुढे होता. माझ्या थोरल्या भावाने विचारलं, हा पोरगा कोण? मी म्हणालो, जावई. तोंडातून किती सहज निघाला तो शब्द. माघातही तितकाच सहज निघाला असता.

सांजोऱ्यांचा डबा कोणी उघडला नव्हता. आज सोनीने उघडला. वास आला. तिने डबा तसाच बंद करून बाहेर नेला.

दुपारी रजनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली आणि सोनीपुढे ठेवला. आत वाळू आणि माती, तिच्यावर गळलेली पानं ओळीने आडवी ठेवलेली. प्रत्येक पानाच्या देठाशी हरभऱ्याएवढं नवं कमळ. जांभळाखालच्या सावलीत, रजनीच्या ओट्यावर, मंजुळाने ती लावली होती. रजनी म्हणाली, "भाभीला मीच सांगितलं, एनुं एक पान मातीत ठेवलं तरी जीवे. ती बोलली, मोठं मेलं तर यातलं एक खिडकीत ठेवीन. भाईला खबर नी पडे." बोलताना रजनीला हसू आलं आणि मग ते हसू मोडलं.

सोनी एकेका कमळाला बोट लावत होती. म्हणाली, "हे झाड तर मी विसरूनच गेली होती." मग तिची नजर कोपऱ्यात गेली. प्लास्टिक, त्याच्यावर दोरी, दोरीची माझी गाठ. ती उठून तिथं गेली आणि गाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"आबा, कूलर मी मायसाठी आणला होता."

मी ओल्या हवेचं काही सांगायला तोंड उघडलं. सांगितलं नाही. प्लास्टिक मी पहिल्यांदा माघातच बांधलं होतं. तेव्हा थंडी होती, आणि कमळाला काय मानवतं ते मला माहीतही नव्हतं.

निघताना तिने बिस्किटाचा डबा घेतला, मोठी कुंडी ठेवली. मी रस्त्यापर्यंत गेलो. संजूने गाडी सुरू केली होती. जे मंजुळा माझ्याकडे मागत होती ते मी तेव्हा म्हणालो. "पुढच्या आखाजीला ये."

सोनी गाडीवर बसली, डबा मांडीवर धरला. "आखाजी माय व्हती तवलोंग, आबा."

गाडी रांध्याच्या रस्त्याला वळेपर्यंत मी उभा होतो.

२४ मे

आज सुट्टी. दुपारी पोतं घातलं नाही.

दोरीची गाठ सुटत नव्हती, विळ्याने कापली. प्लास्टिक काढलं, जाळ्या पुसल्या, सहा बादल्या पाणी ओतलं. कूलर लागला. आधी वाळ्याचा वास आला, मग हवा. थर्मामीटर समोर धरून बसलो. सुकी नळी बेचाळीसवरून हळूहळू खाली यायला लागली. चाळीस. सदतीस. तासाभरात तेहतीसवर येऊन थांबली.

कमळ तसंच आहे. पानांवर थोडी ओल धरलीय, एवढंच.

फरशीवर, ती पडायची त्या जागी हात ठेवून पाहिला. गार होती. हवा एवढी उतरते हे मला माहीत होतं. माझं कामच आहे ते.